नानाची दक्षिण

नाना, तुला तिरपं ठेवलं होतं.

सुरतच्या त्या टोकाच्या पर्वत पाटियाहून रिक्षाने मी डिंडोलीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. हॉलमधला सोफा बाहेर काढलेला, टीपॉय भिंतीला उभा केलेला आणि मधोमध तू, पांढऱ्या चादरीखाली. पण भिंतीला धरून सरळ नाही. डोकं दाराच्या बाजूला, पाय थेट फ्रिजच्या कोपऱ्यात. एवढ्याशा खोलीत तू असा आडवातिडवा पसरलास की बायकांना भिंतीला पाठ घासत पलीकडे जावं लागत होतं. मी उंबऱ्यात थांबले आणि रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं, अरे, याचे पाय आग्नेयेला का केलेत?

अशा वेळी डोक्यात काय येईल ते आपल्या हातात नसतं. माझ्या डोक्यात दिशा आली. इतकी वर्षं पोरांना विज्ञान शिकवून आणि तितकीच वर्षं तुझ्यासारख्या भावाशी भांडून दुसरं काय होणार?

मग कळलं ते असं. गेलेल्याचे पाय दक्षिणेकडे करायचे हे जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं, पण दक्षिण नेमकी कुठली यावर एकमत होईना. कुणी दाराकडे हात केला, कुणी संडासाकडे. शेवटी शेजारचे भगवानकाका बाहेर गेले, मान वर करून आपल्या गच्चीवरची टीव्हीची छत्री पाहिली आणि आत येऊन म्हणाले, "नानानी बसाडेल छत्री से. चुकाव नही." झालं. वाद मिटला. तुझ्याच छत्रीचं तोंड बघून तुला ठेवलं.

मी बोलले नाही. बोलले असते तर चार जणांनी मिळून तुला पुन्हा उचलून फिरवलं असतं, आणि ते माझ्याच्याने बघवलं नसतं. तुझ्या पायांशी बसले. पाय गार होते. दक्षिण, आग्नेय, सगळं तिथेच राहिलं.

तुला माहीत आहे, ही चूक जगात फक्त डिंडोलीतच होऊ शकते. इथे दक्षिण सांगायला सूर्य लागत नाही, छत्री लागते. आणि ही सवय तू लावलीस. इथल्या निम्म्या घरांवर तू चढलास. जिथे जिथे छत्री ठोकलीस तिथे घरमालकाला वर बोलावून सांगितलंस, "हिचं तोंड दक्षिणेला. हलवू नका." लोकांनी ते धरून ठेवलं. खाट कुठल्या बाजूला टाकायची, देव कुठे मांडायचे, सगळं छत्री बघून. कतारगामच्या त्या गुजराती काकांचं आठवतं? छत्रीने दक्षिणेकडे बघितलेलं त्यांना खपेना. "भाई, दक्षिण तो यमनी दिशा केवाय. पूर्व बाजू फेरवी आपो." आणि तू तोंड वाकडं न करता म्हणालास, "फेरवी आपुं काका, पण पछी बंध टीवी सामे बेसवुं पडशे." घरी येऊन हे सांगताना तू इतका हसलास की तुला ठसका लागला.

मी तेव्हाही म्हटलं होतं, अरे, त्यांना आग्नेय सांग ना. खरंही आहे आणि त्यांना चाललंही असतं.

तिथून आपलं सुरू व्हायचं. मी म्हणायचे, टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात. विषुववृत्त सुरतच्या दक्षिणेला, इथवर तुझं बरोबर. पण आपण देशाच्या पार पश्चिमेच्या टोकाला, आणि आपला फुकटवाला उपग्रह बराच पूर्वेला. म्हणून छत्री दक्षिणेकडून पूर्वेकडे वळते आणि बरोब्बर आग्नेयेला येऊन थांबते. तू ऐकून घ्यायचास, बिडी नसतानाही बिडी ओढल्यासारखा गाल आत घ्यायचास आणि म्हणायचास, "माले नको शिकाडू." तुला ज्या उस्तादाने काम शिकवलं त्याने सांगितलं होतं, मुंह दक्षिण रखना, बाकी मीटर बोलेगा. तू प्रत्येक गच्चीवर दक्षिणेपासून सुरुवात करायचास, मग सिग्नलचं मीटर किणकिणेपर्यंत तसूतसूने सरकवत न्यायचास. चांगली अर्धा काटकोन सरकायची ती. पण सरकून जिथे थांबेल तिलाही तू दक्षिणच म्हणायचास. निघालो दक्षिणेला म्हणून पोचलोही दक्षिणेला, असा तुझा हिशोब. तुझ्या कामात त्याने काही बिघडत नव्हतं. चित्र स्वच्छ यायचं. म्हणून तू कधी हरला नाहीस.

दुसरा वाद मोठा होता. तो तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला.

तो सुरू झाला त्या दिवशी तू मुद्दाम फोन करून मला बोलावलंस. टीव्हीवर रॉकेट सुटणार होतं. म्हणालास, नवीन उपग्रह जातोय, म्हणजे आमच्याच धंद्याचा माल. वहिनीने साडीवर टिकल्या चिकटवायचं काम बाजूला सारलं, माय पुढ्यात येऊन बसली. धुराचा लोट उठला, रॉकेट सुटलं, तू टाळ्या वाजवल्यास. आणि थोड्या वेळाने पडद्यावरची रेघ वाकायला लागली तसा तुझा चेहरा उतरला. "गयं," तू म्हणालास, "वाकडं जाई ऱ्हायनं." तुला वाटलं बिघडलं. मला हसू आलं. मी म्हटलं, ते वाकडंच जायला हवं. नुसतं सरळ वर गेलं तर इंधन संपल्यावर सरळ खाली येईल. वर जाणं हे अर्धंही काम नाही. वर टिकायचं तर आडवं पळावं लागतं, तेही असं की डोळ्याचं पातं लवेपर्यंत डिंडोली मागे पडली पाहिजे.

"मंग तठे जाईसन उभा ऱ्हास ना?"

"उभा नाही राहत रे. पडत असतो."

बस. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मीच रॉकेट पाडलंय. मग मी तुला ओढत गच्चीवर नेलं. बाबांच्या लूमच्या दिवसांपासून आपल्या घरी रिकाम्या बॉबिनी कधी संपल्या नाहीत, कठड्याजवळ पोतंभर पडलेल्या असतात. एक हातातून नुसती सोडली, ती भिंतीपाशी पडली. दुसरी आडवी फेकली, ती गल्लीच्या मध्यावर पडली. तिसरी तू तुझ्या जोराने भिरकावलीस, ती समोरच्या पत्र्यावर वाजली आणि आतून एक बाई शिव्या देत बाहेर आली. आपण दोघं पन्नाशीकडे झुकलेली माणसं कठड्याखाली लपलो. तिथे उकिडवं बसून मी तुला कुजबुजत शिकवलं. तिन्ही बॉबिनी पडल्याच ना? फक्त जितक्या जोरात फेकली तितकी लांब. आता इतक्या जोरात फेक की ती खाली येता येता खालची जमीनच गोल वळून दूर गेली पाहिजे. जमीन गोल आहे, ती वळतच असते. मग बॉबिन पडतच राहते, पण जमीन काही तिला गाठत नाही. त्यालाच आपण उपग्रह म्हणतो. पडणं चालू असतं, पोचणं होत नाही.

तू पोत्यातली एक बॉबिन उचलून हातात फिरवलीस. मला वाटलं, पटलं. मग म्हणालास, "पडी ऱ्हायना तर मनी छत्री हालत कशी नही?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, हा फार उंच आहे, छत्तीस हजार किलोमीटरवर, आणि तितक्या उंचीवर एक फेरी पुरी करायला त्याला एक दिवस लागतो. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच लागतो. दोघं बरोबर चालतात, म्हणून तुला तो जागचा हलत नाही असं दिसतं. नेऊन सोडतात तेव्हा त्याची फेरी आधी लांबट असते, एका टोकाला पृथ्वीच्या जवळ, दुसऱ्या टोकाला लांब. मग तो लांबच्या टोकाला पोचला की त्याचंच इंजिन थोडं थोडं चालवून ती फेरी गोल करत आणतात आणि त्याला जागेवर बसवतात. हे मात्र तुला लगेच कळलं. तू मांडीवर थाप मारलीस. "म्हणजे आधी अंदाजे, मंग मीटर लाईसन," तू म्हणालास, आणि तुझ्या धंद्याची अक्कल आभाळापर्यंत पोचली म्हणून संध्याकाळभर खुशीत होतास. पण पडतो म्हणायला तयार नव्हतास. बरोबर चालतो, कबूल. पडतो, नामंजूर. जाताना जिन्यातून मी ओरडले, "पडतोच!" वरून तुझा आवाज आला, "उभाच से!"

नाना, तुला हे कधी सांगितलं नाही. दरवर्षी वर्गात हा धडा आला की माझी तयारी पोरांसाठी नसायची, तुझ्यासाठी असायची. आमच्या महापालिकेच्या मराठी शाळेत मुळात मुलं कमी, आणि तीही आपसात गुजराती बोलणारी. त्यांनी गपगुमान लिहून घेतलं असतं. पण फळ्यावर गोल काढला की मला मागच्या बाकावर तू दिसायचास, गाल आत ओढून. तू काय विचारशील, कुठे अडवशील, याचा विचार करून मी तो धडा इतका घासला की आमच्या मुख्याध्यापिका दुसऱ्या शिक्षकांना माझ्या तासाला बसवायच्या. ते कौतुक तुझं होतं. मी एकटीने खाल्लं.

मग तुझी किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि मी शाळा सुटली की दवाखान्यात येऊन बसायला लागले. तुझ्या हातातून नळी निघालेली, रक्त बाहेर फिरून परत आत, आणि तू छताकडे बघत. गच्च्या बंद झाल्या होत्या. गुडघ्यात जीव नव्हता, कमरेचा पट्टा आणि नट आवळायचे पाने वहिनीने माळ्यावर टाकले होते. आपल्याला बोलायला विषय नव्हता. आजाराचं बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण बोलत नव्हतो. म्हणून उपग्रहावरच यायचो.

एकदा तू विचारलंस, तो बिघडला की खाली आणतात का? मी म्हटलं, तिथून नाही आणत. त्याच्या पोटात थोडं इंधन असतं. सूर्य, चंद्र त्याला सारखे इकडेतिकडे ओढतात, तो जागेवरून सरकायला लागला की थोडंसं इंधन जाळून परत जागेवर आणायचा, असं वर्षानुवर्षं चालतं. इंधन संपत आलं की शेवटचा घोटभर मुद्दाम राखून ठेवतात. त्याने त्याला आणखी थोडा वर ढकलतात आणि सोडून देतात. ती जागा मोकळी झाली की तिथे नवीन येतो.

"आनि तो?"

"तो तिथेच फिरत राहतो. बंद होऊन."

"म्हणजे शेवटलं डिझेल सोताले बाजूले कराकरता."

मी हो म्हटलं. तू मान वळवलीस. पुढच्याच रविवारी मी घरी आले तर तुझी खाट हॉलमध्ये आली होती. आतली खोली, तुझी नि वहिनीची, पंख्याखालची, ती तू मायला दिली होतीस. मायला कळेना हे काय. तू म्हणालास, इथे टीव्ही बरा दिसतो. मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला सगळं कळलं होतं, आणि मी चहा टाकते म्हणून उठून गेले. त्या दिवशी तुझ्या खाटेवर बसून तुझा हात धरायला हवा होता, एवढंच वाटतं. आपल्या घरात हात धरायची रीत नाही. भांडायची आहे.

शेवटच्या आठवड्यातला तुझा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. डोळे मिटूनच म्हणालास, "चाल, तुनं खरं. पडस तो. पन त्याले ठाऊक ऱ्हास का, आपुन पडी ऱ्हायनूत?" मी शिक्षिका. मी म्हटलं, यंत्राला काय कळतं? तू हसलास. मी जिंकले होते, तू स्वतःच्या तोंडाने "पडस" म्हणाला होतास, आणि मला इतकं भकास वाटलं की मी नर्सला उगीच काहीतरी विचारायला बाहेर गेले. मला तुझं "उभाच से" परत हवं होतं.

आता मायचं सांगते. तेच सांगायला बसलेय, इतका वेळ टाळत होते.

तू गेल्यावर तुला भेटायला गावाहून भाऊबंद येत राहिले. हो, अजून भेटायलाच म्हणते. त्यांत आप्पा आले, बाबांचे चुलतभाऊ. सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि उठताना त्यांना कुणीतरी तुला कसं ठेवलं होतं ते हाताने दाखवलं. आप्पा शेतकरी माणूस, उभा जन्म उघड्यावर गेलेला. ते दारात जाऊन उन्हाकडे बघून आले आणि म्हणाले, "तथी दक्षिन नही से." म्हणाले आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेले.

त्या दिवसापासून माय फ्रिजच्या कोपऱ्याकडे बघत बसली. जेवण ताटात फिरवायची. वहिनीने विचारलं तर काही नाही म्हणायची. वहिनीचा मला फोन आला, ताई, तुम्ही या, यांचं मला काही कळत नाही. मी म्हटलं, आखाजीला येतेच आहे.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी दरवर्षी येते. माहेर म्हणजे तू होतास, तू नसशील तेव्हा कुठे यायचं हा विचार कधी केलाच नव्हता. या वर्षी झोका नव्हता, गाणी नव्हती, गल्लीतल्या दुसऱ्या घरांतून ऐकू येत होती. आपल्या घरी वर्षात गेलेल्याच्या नावाची घागर भरायची होती. वहिनीने नवी घागर आणून धुऊन ठेवलेली, वर ठेवायला खरबूज, बाजूला पुरणाचं ताट झाकलेलं. आणि माय घागरीला हात लावेना. उन्हं उतरायला लागली तरी घागर रिकामी.

मी जवळ जाऊन बसले. माय मला म्हणाली, "तू शाळामा पोरेसले शिकाडस. माले खरं सांग. छत्रीनं तोंड दक्षिनलेच से ना?"

मी काही बोलायच्या आत तिने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला किती जोर आहे अजून. "मना आंडोर वाट चुकना का वं?"

म्हणजे हे होतं. चुकीच्या दिशेला पाय करून लेकाला धाडलं म्हणून तू कुठेतरी भटकतोयस, इथे भरलेलं पाणी तुझ्यापर्यंत पोचणार नाही, तिकडे उन्हात तहानलेला असशील, हे ती इतके दिवस एकटी घेऊन बसली होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिलाही ऐकायचं होतं.

माझ्या पर्समध्ये मोबाईल होता, मोबाईलमध्ये होकायंत्र होतं. पर्सची चेन उघडी होती, ती मी लावून टाकली. आयुष्यभर पोरांना सांगत आले की जे आहे ते आहे, आपल्याला काय आवडतं त्याने दिशा बदलत नाही. नाना, तेवढ्यात तुझी फार आठवण आली. तू असतास तर दारातून ओरडला असतास, सांग ना, सांग, आता कशी गप्प?

"हा माय," मी म्हटलं. "दक्षिनलेच से. नाना बरोबरच सांगे."

"आप्पा तर म्हने..."

"आप्पांना शेतातलं कळतं. उपग्रहाचं मला कळतं. नानाची छत्री बरोबर दक्षिणेला आहे."

वर्गात बोलते त्या आवाजात बोलले, शंका ठेवली नाही. वहिनीने पदर डोळ्यांना लावला आणि आत वळली. माय थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिने चार मुलांना जन्म दिला, दोन जगवली, त्यातला एक तू. माझं खोटं तिला कळत नसेल असं मी कसं म्हणू? पण तिने मनगट सोडलं. उठली, घागर नळाखाली धरली आणि भरून, दोन्ही हातांनी उचलून, फ्रिजच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. तुझे पाय होते तिथे. वर खरबूज ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, तुझं नाव घेतलं.

मी गच्चीवर गेले. खाली थांबवत नव्हतं. कठड्याजवळचं बॉबिनींचं पोतं तसंच होतं. आणि समोर डिंडोलीच्या गच्च्या, पत्रे, पाण्याच्या टाक्या, आणि त्यांच्यामधून छत्र्या, जुन्या, गंजलेल्या, कुणी कपडे वाळत घातलेल्या. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. आग्नेयेला, नाना. मी डोळ्यांनी बघत होते, आग्नेयेला. त्या दिशेला कुठेतरी तुझा उपग्रह पडत होता आणि तू म्हणायचास तसा जागच्या जागी उभा दिसला असता. मी तिथे रडले. भरपूर रडले. तुझ्याशी भांडायला आता कुणी नाही आणि दोन्ही वाद मी जिंकून बसलेय, याचं काय करू ते सांग.

खाली आले तेव्हा मायने ताट वाढून घेतलं होतं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवत होती. मी समोर बसले. पुरणपोळीचा तुकडा मोडता मोडता ती अगदी सहज, उद्या भाजी काय करू असं विचारावं तशी म्हणाली,

"जव्हय मी जासू, तव्हय माले बी तसंच ठेवजो. छत्री देखीसन."

मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"दक्षिन कोठे बी ऱ्हावो," माय म्हणाली. "नाना जथा गया, तथाच मना पाय करजो. म्हनजे आमनी चुकामूक व्हवाव नही."

करीन, नाना. त्या दिवशी कुणी मोबाईल काढला, कुणी उन्हाकडे बोट दाखवलं, तरी मी ऐकणार नाही. सोफा बाहेर काढीन, टीपॉय भिंतीला लावीन आणि मायला तिरपं ठेवीन.